स्वायत्तता : कोणाची आणि कोठवर?





परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त प्रसिद्ध होणारी ही वार्षिक स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस मनःपूर्वक आनंद होत आहे. प्रथेप्रमाणे या पानावर वर्षभरातील कार्याचा आढावा यावयास हवा. तो कार्यवाहांच्या अहवालात आलेलाच आहे. म्हणून ही जागा आम्ही एका वेगळ्या विषयासाठी वापरत आहोत. प्रथमदर्शनी हा विषय आपल्या चळवळीपासून दूरचा वाटेल. परंतु तो तसा नाही, अशी आमची धारणा आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी वंदनेनंतर चहापान चालू असता शेजारच्या आल्बर्टा प्रांताची गोष्ट निघाली. २०२५ साली त्या प्रांताने नागरिकांच्या सह्यांवरून सार्वमत घेण्याची अट बरीच शिथिल केली आणि कॅनडापासून विभक्त होण्याच्या मागणीला जोर आला. आपल्या सस्कॅचेवानमध्येही तसे बोलणारे आहेत. आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा त्यांच्या घरचा तंटा. आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या वाटणीत पडू नये." त्यावर चहाचे कप गोळा करीत असलेली एक विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, "काका, माझा जन्म इथला. मी पाहुणी कशी?"

या प्रश्नावर त्या दिवशी कोणाजवळच उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा ते शोधण्याचा प्रयत्न आहे.

आपण ज्या गावात राहतो त्याचेही एकदा नामांतर झालेले आहे. गव्यांची हाडे जेथे रचून ठेवली जात, ती जागा, अशा अर्थाचे क्री भाषेतील नाव या ठिकाणाला होते. १८८२ साली व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ ते रेजिना झाले. त्याआधी, १५ सप्टेंबर १८७४ रोजी, फोर्ट क्वापेल येथे क्री, सॉल्टो आदी मूळनिवासी राष्ट्रांनी राजसत्तेशी करार केला. हा चौथा करार. आपली घरे, आमचा दवाखाना, आपण भाड्याने घेतो ते सभागृह, सारे याच कराराच्या भूमीवर उभे आहे. सस्कॅचेवान प्रांत जन्मास आला १९०५ साली, म्हणजे करारानंतर एकतीस वर्षांनी. ही कालगणना वाचकांनी ध्यानात ठेवावी.

याच रेजिनात १६ नोव्हेंबर १८८५ रोजी लुई रिएल यांना फाशी देण्यात आली. फ्रेंच आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या मेटी समाजाचे ते पुढारी. १८६९-७० मध्ये त्यांनी रेड रिव्हरकाठी हंगामी सरकार स्थापिले आणि त्यातून मॅनिटोबा प्रांत निर्माण झाला. प्रांत मिळाला, परंतु मेटींना कबूल केलेली जमीन पुष्कळांच्या हाती टिकली नाही. ते पश्चिमेकडे सरकले, तेथेही जमिनीची दाद लागेना, आणि १८८५ साली बातोश येथे लढाई झाली. रिएल यांच्यावर रेजिनात खटला चालला. पंच सहा, सर्व इंग्रजी भाषिक. त्यांनी दोषी ठरवताना दयेचीही शिफारस केली. ती मानली गेली नाही.

या उठावानंतर मूळनिवासींवर परवान्याची पद्धत लादली गेली. राखीव वस्तीबाहेर पाऊल टाकावयाचे तर सरकारी एजंटची चिठ्ठी हवी. या पद्धतीस कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. तरी ती दशकानुदशके चालली. वेशीबाहेरच्या वस्तीचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपली पदवी किंवा जमात न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क या लोकांना मिळाला तो १९६० साली.

हे सांगितल्यावर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पश्चिमेकडील प्रांतांची तक्रार पोकळ नाही. येथील शेतकऱ्याने गहू जागतिक बाजारभावाने विकावा आणि अवजारे मात्र पूर्वेकडील कारखानदारांना संरक्षण देणाऱ्या जकातीमुळे चढ्या दराने घ्यावीत, असे अनेक वर्षे चालले. जुन्या प्रांतांना आपापल्या जमिनी व खनिजांवर प्रथमपासून अधिकार होता. सस्कॅचेवान व आल्बर्टा यांना तो १९३० पर्यंत नव्हता. १९८० च्या राष्ट्रीय ऊर्जा धोरणाने तेलाच्या प्रश्नावर जी जखम केली, ती येथील वृद्ध रुग्ण आजही बोलून दाखवतात. दूरच्या राजधानीला आपले सुखदुःख कळत नाही ही भावना विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आपल्यासारख्यांना परकी वाटण्याचे कारण नाही.

शिवाय प्रांताच्या स्वायत्ततेने या देशाचे भलेही केले आहे. १ जुलै १९६२ रोजी सस्कॅचेवानने प्रत्येक रहिवाशाला सरकारी वैद्यकीय विमा दिला. त्या दिवशी आमच्याच व्यवसायातील डॉक्टरांनी संप पुकारला आणि तो तेवीस दिवस चालला. प्रांत मागे हटला नाही. पुढे सर्व देशाने हे उदाहरण गिरवले. उत्तर अमेरिकेत प्रथमच एका प्रांताने गरीब शेतमजुराला डॉक्टरच्या दारात ताठ मानेने उभे केले. ही स्वायत्ततेचीच देणगी आहे, हे एक डॉक्टर म्हणून आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

मग स्वायत्ततेची मागणी योग्य की अयोग्य? आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. हृदय कितीही जोराने धडधडत असो, आम्ही डॉक्टर लोक रोग्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून पाहतो. रक्त तेथवर पोहोचते की नाही, हे त्या स्पर्शाने कळते. स्वायत्ततेचीही हीच परीक्षा. राजधानीकडून प्रांताकडे आलेली सत्ता तेथेच थबकते, की प्रांतातील सर्वांत दुर्बल घरापर्यंत उतरते?

क्वेबेकचे उदाहरण पाहावे. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात विभक्ततेच्या विरोधी बाजूस ५०.५८ टक्के मते पडली; देश थोडक्यात वाचला. परंतु त्याच्या सहा दिवस आधी, २४ ऑक्टोबरला, उत्तर क्वेबेकमधील क्री लोकांनी आपले स्वतंत्र सार्वमत घेतले होते. क्वेबेक वेगळा झालाच तर त्याच्याबरोबर जाण्यास ९६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला. फ्रेंच भाषिकांनी इंग्रजी बहुमतापासून मुक्ती मागावी आणि त्याच वेळी आपल्या पोटातील क्री लोकांना विचारण्याचे टाळावे, यातील विसंगती त्यांनी जगाच्या चव्हाट्यावर मांडली. निकालाच्या रात्री क्वेबेकचे मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी पराभवाचे खापर पैशावर आणि परवंशीय मतांवर फोडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. पण आपल्यासारख्या स्थलांतरितांना त्या रात्री कळले की मतपेटीत पडलेल्या आपल्या मतालाही कोणी उपरे म्हणू शकते. तीन वर्षांनी, २० ऑगस्ट १९९८ रोजी, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने विभक्ततेविषयी मत देताना संघराज्य, लोकशाही आणि कायद्याचे राज्य यांच्या जोडीस अल्पसंख्याकांचा आदर हेही घटनेचे मूलतत्त्व मानले.

युरोपातही या प्रश्नाची दोन समंजस उत्तरे दिसतात. स्वित्झर्लंडच्या बर्न परगण्यातील फ्रेंच भाषिक जुरा विभागाने १९७४ साली वेगळेपणाच्या बाजूने कौल दिला; परंतु दक्षिणेकडील तालुक्यांना पुन्हा विचारण्यात आले आणि ते बर्नमध्येच राहिले. १९७९ साली नवा जुरा परगणा झाला. म्युतिए या गावाने २०२१ मध्ये जुराच्या बाजूने मत दिले आणि १ जानेवारी २०२६ पासून ते त्यात समाविष्ट झाले. मोठ्याने मागितलेला हक्क लहानालाही द्यावा लागला. त्यास अर्धशतक लागले, तंटेही झाले, पण विचारणे थांबले नाही. दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्वातंत्र्याची मागणी फेटाळली गेली. पण त्या वेळी तेथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील व युरोपीय संघातील नागरिकांनाही मत होते. स्कॉटिश कोण, याचे उत्तर रक्तात न शोधता वास्तव्यात शोधले गेले. चहाच्या कपांपाशी थांबलेल्या आमच्या पुतणीला जे विचारावयाचे होते, ते हेच.

आपल्या प्रांतातही हाच पेच आहे. २०२३ साली सस्कॅचेवानने नैसर्गिक संपत्तीवरील प्रांताचा अधिकार ठासून सांगणारा कायदा केला, तेव्हा मूळनिवासी व मेटी पुढाऱ्यांनी आक्षेप घेतला की आम्हांला विचारलेच नाही. आल्बर्टातील विभक्ततेच्या चर्चेवरही मूळनिवासी राष्ट्रांचे म्हणणे तेच : आमचे करार राजसत्तेशी झाले, तुमचा प्रांत तर नंतर आला. वर दिलेली १८७४ आणि १९०५ ही दोन साले येथे आठवावीत.

हा सारा विचार बाबासाहेबांनी सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. १९४८ साली भाषावार प्रांतरचना आयोगापुढील निवेदनात त्यांनी मराठी प्रांताचे समर्थन केले आणि मुंबई महाराष्ट्राचीच हेही ठणकावून सांगितले. १९५५ साली भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी या विचाराला पुढची जोड दिली. एका राज्याची एक भाषा असावी. पण एका भाषेचे एकच राज्य असलेच पाहिजे असे नाही. मराठी भाषिकांची चार राज्ये त्यांनी सुचवली : मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. कारण त्यांना भाषेच्या आत जात दिसत होती. प्रत्येक भाषिक प्रदेशात एखादी संख्येने मोठी, जमीन बाळगणारी जात असते. राज्य जितके मोठे, तितका अल्पसंख्य समाज त्यात अधिक बुडतो, असे त्यांचे निदान होते. त्यावर त्यांनी उपायही सांगितला. एका मतदारसंघातून दोन किंवा तीन प्रतिनिधी निवडावेत, मतदारास तितकीच मते असावीत आणि ती सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा असावी, म्हणजे विखुरलेला लहान समाजही आपला एक माणूस निवडून आणू शकेल.

त्याच पुस्तकात बाबासाहेबांनी कॅनडाचा उल्लेख केला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. कॅनडा आणि स्वित्झर्लंड अनेक भाषांसह नांदतात, मग भारत का नाही, या आक्षेपास उत्तर देताना त्या देशांची प्रवृत्ती जोडण्याची आणि आपली तोडण्याची आहे, असा त्यांचा आशय होता. पुढे क्वेबेकमध्ये जे घडले ते पाहता जोडणे ही कोणत्याही देशाची जन्मजात प्रवृत्ती नव्हे, ते रोज करावयाचे काम आहे, एवढी पुस्ती त्यांचे येथील अनुयायी म्हणून आपण नम्रपणे जोडू शकतो.

महाराष्ट्रात काय घडले? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन सामील झाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले. अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीने गिरणगाव जागा ठेवला. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि त्याच वर्षी राज्य शासनाने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती चालू ठेवल्या. केंद्रात हाच न्याय मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे नव्या राज्याची सत्ता एकदा तरी शेवटच्या घरापर्यंत उतरली होती.

मात्र १९७८ साली काय झाले, तेही विसरता येत नाही. निजामी राजवटीत पिचलेल्या आणि नंतरही उपेक्षित राहिलेल्या मराठवाड्याला स्वतःची अस्मिता असणे स्वाभाविक होते. त्याच मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढून उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास त्यांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि प्रादेशिक अस्मितेच्या नावाने आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. एका रात्री आईने आम्हां भावंडांना उठवले, दिवा लावू दिला नाही, आणि ज्वारीच्या उभ्या पिकातून चालवत नेले. आमच्या हातात शाळेची पाटी होती. ती का घेतली होती, ते आता सांगता येत नाही. "कुणापासून पळायचं?" असे विचारले तेव्हा वडील म्हणाले, "आपल्याच गावापासून." मराठवाडा त्यांचा, तसा आमचा नव्हता काय?

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तेव्हा आम्ही वैद्यकीय शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यावर होतो. आमच्या पदवीपत्रावर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे पूर्ण नाव आहे. रेजिनातील दवाखान्यात ते भिंतीवर लावलेले आहे. एका मेटी वृद्धेने एकदा विचारले की डॉक्टर, या विद्यापीठाचे नाव एवढे लांब कसे? आम्ही म्हणालो, "अर्धे नाव आमच्या प्रदेशाचे, अर्धे आमच्या माणसाचे. दोन्ही एका ओळीत यायला पंधरा वर्षे लागली." ती काही वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आमचे अजून लिहिणे चालू आहे."

ते लिहिणे खरोखरच चालू आहे. फोर्ट क्वापेल येथे मूळनिवासी राष्ट्रांच्या मालकीचे रुग्णालय २००४ पासून चालते. रेजिनाच्या पूर्वेस असलेल्या काउएसेस राष्ट्राने आपल्या मुलांच्या संगोपनाचा कायदा स्वतः केला. जुलै २०२१ मध्ये केंद्र व प्रांत या दोघांनीही त्यावर करार केला. ज्यांची मुले निवासी शाळांसाठी बळाने नेली गेली, त्यांनी स्वयंशासनाचा आरंभ मुलांपासून करावा, यात फार मोठा अर्थ आहे. त्यांची सत्ता प्रथम सर्वांत लहान हाताकडे गेली.

आपले विदर्भवासी वाचक विचारतील, मग वेगळ्या विदर्भाचे काय? फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये त्याची शिफारस केली होती. १९९४ साली आलेल्या विकास मंडळांची मुदत २०२० मध्ये संपली. अनुशेषाचे दुःख खरे आहे. लहान राज्य बाबासाहेबांनाही मान्य होते. परंतु त्यांची अट विसरू नये : राज्य लहान करताना त्यात दुर्बलांचे संरक्षण लिहूनच द्यावे लागते. नागपूरला राजधानी आली म्हणून गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यावर सत्ता आपोआप जात नाही.

आता शेवटची आणि अवघड गोष्ट. ही कसोटी जगाला लावावयाची, तर आधी स्वतःला लावली पाहिजे. गेल्या वर्षीच्या जयंतीला एक पंजाबी भाषिक आंबेडकरी कुटुंब प्रथमच आले होते. आमचा सर्व कार्यक्रम मराठीत झाला. सूत्रसंचालन आम्हीच केले. ते चौघे मागच्या रांगेत दोन तास बसले आणि भोजनापूर्वी निघून गेले. नंतर दूरध्वनी केला तेव्हा गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "कार्यक्रम छान होता. आमच्यासाठी नव्हता, इतकेच." सभागृहात आपण बहुसंख्य होतो आणि बहुसंख्यांची झोपमोड होत नाही, ती मागच्या रांगेची होते. मराठी आपली मायबोली आहे, ती या परक्या हवेत जपलीच पाहिजे. परंतु बाबासाहेब एकट्या मराठी भाषिकांचे नव्हेत.

म्हणून आगामी वार्षिक सभेपुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. पहिली, प्रत्येक जाहीर कार्यक्रमाचे निवेदन मराठीबरोबर इंग्रजीतही व्हावे, आणि स्मरणिकेत हिंदी व पंजाबी लेखनास पाने राखावीत. दुसरी, कार्यकारिणीची निवडणूक बाबासाहेबांनी सुचवलेल्या पद्धतीने घ्यावी : जितक्या जागा तितकी मते, आणि ती सर्व एकाच उमेदवारास देण्याची मोकळीक. त्यायोगे अमराठी कुटुंबे, येथे जन्मलेली मुले-मुली आणि आजवर फक्त स्वयंपाकघराच्या यादीत नावे असलेल्या आपल्या भगिनी यांना स्वबळावर एखादी जागा जिंकता येईल. काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही, कदाचित त्यांच्या जागा जातील. त्यांत आमचीही असू शकेल. तरी सभासदांनी दोन्ही सूचनांच्या बाजूने मत द्यावे, अशी आमची विनंती आहे.

आणि त्या ज्येष्ठ मित्रास आमचे उत्तर असे : वाटणीची वेळ आलीच तर आपण तोंड मिटून बसू नये. करारांच्या भूमीवर राहणारा कोणीही निव्वळ पाहुणा नसतो. येथील ऋण त्याच्याही माथी असते. कोणत्याही बाजूचा कार्यकर्ता दारी आला, तर त्याचे स्वागत करावे आणि विचारावे, तुमच्या नव्या राज्यात मागच्या रांगेत कोण बसणार, आणि त्याला तुम्ही विचारले आहे काय?

 अंकातील उणिवांची जबाबदारी आमची आहे. आपल्या सूचनांची आम्ही वाट पाहू.

जय भीम! नमो बुद्धाय!

— संपादक, रेजिना